कॉटच्या पायाशी

९ मार्च

वन्सं,

परवापासून घरी आहे. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तुम्ही रडता आणि मग मलाच तुमची समजूत काढावी लागते. आजारी मी आणि समजूत काढणारीही मी, एवढी ताकद आता उरली नाही. पत्रात कसं, तुम्हाला रडायचं तेवढं रडा, मला ऐकू येत नाही.

तर बातमी अशी की मी जिवंत आहे. वजन इतकं उतरलंय की एरवी त्यासाठी मी काय काय केलं असतं! आरशात बघितलं तर माझी आईच समोर उभी. पोटावर पिशवी लावलीय. सगळं सविस्तर सांगत नाही, तुम्ही जेवायच्या आधी पत्र उघडलं असेल तर पंचाईत. आतड्याला भोक पडलं होतं ते बरं होईपर्यंत खाल्लेलं मधूनच बाहेर येतं आणि पिशवीत जमतं, एवढं समजून घ्या. काही महिन्यांनी परत जोडतील म्हणे.

तुमचे दादा पिशवी बदलायला शिकलेत. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा कप विसळला नाही, तो चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून ते काम करतो. काल पिशवीचं खालचं तोंड बंद करायला विसरले. चादर, गादी, त्यांचा सदरा, काही म्हणजे काही वाचलं नाही. मला हसू आलं तर टाके ओढले, म्हणून रडले, मग परत हसले. ते बिचारे आपले 'चुकलं, चुकलं' करत गादी पुसत होते.

दुखण्यापेक्षा कंटाळा जास्त आहे. बाथरूमपर्यंत जाऊन आलं की दिवसाचं काम संपलं. ऑफिसातल्या मैत्रिणी येऊन गेल्या. म्हणाल्या, पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर लोक विचारतात, त्या 'बरं, बोला' म्हणणाऱ्या बाई कुठे गेल्या? म्हटलं, सांगा त्यांना, बाईंचाच पाइप फुटलाय.

आमच्या भाच्याला सांगा, जिवाला लावून घेऊ नकोस. एवढा सर्जन झाला तुमचा मुलगा, तरी माझ्या तोंडात ढब्बूच येतं. पित्ताशयातले खडे काढताना दुर्बिणीबरोबरच्या हत्याराचं टोक आतड्याला लागलं. हे चांगल्या चांगल्यांच्या हातून होतं, असं नंतर मला हलवलं त्या दुसऱ्या हॉस्पिटलातल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनीच मला सांगितलं. त्याला म्हणावं, एकदा येऊन जा. अजून आला नाही तो.

तुमची वहिनी


१६ मार्च

वहिनी,

पत्र वाचून रडलेच. नाही ना आलं ऐकू?

तुझं अक्षर बघूनच जीव भांड्यात पडला. दादाचं पिशवीप्रकरण शेजारणीला सांगितलं, ती म्हणाली असा नवरा मिळायला भाग्य लागतं. म्हटलं, भाग्य कसलं, तिने त्याला माणसात आणलंय.

ढब्बूचं विचारू नकोस. ताटावर बसतो, कालवतो, उठतो. मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं, 'चांगल्या चांगल्यांच्या हातून होतं' तेही. उठून बाहेर गेला आणि पार दिवेलागणीला आला. बरं वाटलं असेल त्याला. मनावरचं ओझं उतरलं की माणसाला चालावंसं वाटतं. येईल तो तुझ्याकडे, जरा सावरू दे.

आता कामाचं. हॉस्पिटलने चौकशी समिती बसवलीय. टोक लागलं तो अपघात, त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. पण पुढचे तीन दिवस तुझं पोट फुगत होतं, ताप चढत होता, तरी कुणाला कळलं कसं नाही, हा प्रश्न आहे. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, सकाळपाळीच्या नर्सने कळवायला हवं होतं. ती जाड चष्म्याची, आठवते ना? तिने कळवलंच नाही असं ठरलं, की ढब्बू सुटला.

तुझा जबाब घ्यायला माणसं घरी येतील. तुला खोटं बोलायला सांगत नाही मी. 'नर्सने लक्ष दिलं नाही' एवढंच सांग. नाहीतरी नर्सा कुठे लक्ष देतात? एका वाक्याने माझ्या पोराचं आयुष्य मार्गी लागतंय.

बाकी तब्येतीला जप. भूक लागेल तेव्हा थोडं थोडं खात जा.

तुझी नणंद


३० मार्च

वन्सं,

उशीर झाला. मध्ये ताप आला होता. खरं तर तो उतरूनही आठवडा झाला. कागद पुढ्यात घेऊन बसत होते आणि तसाच ठेवून देत होते.

त्या नर्सने लक्ष दिलं. तिनेच दिलं. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण तुम्ही त्याची आई आहात. आता लिहिते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ढब्बू सकाळी वॉर्डात आला. बरोबर चार-पाच शिकाऊ डॉक्टर. माझ्या कॉटच्या पायाशी उभा राहिला, दांडीला हात टेकून. "मामी, कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी आहे रे." बरी कसली? पोटात कुणी विळी फिरवत होतं. पण त्याची ती शिकाऊ पोरं बघत होती. आपल्याच पोराला चारचौघांत कसं सांगायचं, की तू केलेलं काही धड झालेलं दिसत नाही?

चष्मेवाली म्हणाली, "डॉक्टर, पोट कडक लागतंय. एकदा हात लावून बघता का?" तर हा हसला. "माझी मामी आहे ती. मी ओळखतो तिला. खरंच दुखत असतं तर वॉर्ड डोक्यावर घेतला असता." सगळे हसले. मीही हसले, वन्सं. मग तो शेजारच्या कॉटवर गेला. तिथे कुणी परकी बाई होती. स्टूल ओढून बसला, हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि तिचं पोट चारही बाजूंनी दाबून बघितलं. मी पडल्या पडल्या बघत होते.

तिसऱ्या दिवशी नर्सने त्याला परत गाठलं. या वेळी त्याने चादरीचं टोक उचललंही. आणि मी काय केलं असेल? चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली! त्याचे कान लाल झाले. ऑपरेशनच्या वेळी हिरव्या कापडाखाली नुसतं पोट होतं, मामी नव्हती. आता समोर मामी होती. गॅसची गोळी लिहून दिली आणि गेला. आतलं सगळं नासत चाललं होतं आणि आम्ही दोघं लाजत बसलो होतो.

चौथ्या दिवशी मी बरळायला लागले, तेव्हा ती नर्सच त्याला न विचारता मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुसली. तिने आरडाओरडा केला म्हणून अँब्युलन्स आली. दुसऱ्या हॉस्पिटलात त्या म्हाताऱ्या बाईंनी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "दाबताना जास्त दुखतं की सोडताना?" इतक्या दिवसांत मला कुणी पहिल्यांदा हात लावून विचारत होतं. मी ओक्साबोक्शी रडले. त्यांना वाटलं कळ आली.

तुम्हाला आठवतं? गणिताच्या परीक्षेच्या दिवशी आमच्या ढब्बूचं पोट हमखास दुखायचं. मी हात ठेवायचे आणि सांगायचे, हे पोट नाही दुखत, गणित दुखतंय, चल ऊठ. पण एकदा खरंच दुखत होतं, तर तेही हातालाच कळलं होतं. तिथे पडून मी त्याची वाटच बघत होते हो. वाटत होतं, आता ठेवेल हात.

त्या नर्सवर मी काही ढकलणार नाही. तिने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा माझ्यासमोर.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ढब्बूला दाखवलं नाही.

तू त्या वेळी औषधांच्या गुंगीत होतीस. तापात माणसाला काहीबाही ऐकू येतं. माझ्या सासूबाई ताप चढला की गेलेल्या माणसांशी गप्पा मारायच्या. कोण कधी काय म्हणालं, कोण हसलं, हे तुला इतकं नेमकं कसं आठवतं? 'आठवत नाही' एवढं म्हटलंस तरी पुरे. नर्सवर ढकलू नकोस हवं तर. पण आठवत नाही म्हण. ते काही खोटं ठरत नाही.

ती नर्स आहे, तिला दुसरीकडे काम मिळेल. सगळीकडे हव्याच असतात. सर्जनचं नाव एकदा गेलं की गेलं. त्याचे वडील गेल्यावर मी कशी दिवस काढत होते, तुला माहीत आहे. तुम्ही दोघांनी त्याला घरी ठेवून घेतलंत, शिकवलंत, त्याचे उपकार मी सात जन्म फेडू शकणार नाही. पण मग ज्या हाताने घास भरवला त्याच हाताने त्याला बुडवणार आहेस का?

आणि तू स्वतःच त्याला 'बरी आहे' म्हणालीस ना? मग त्याने काय करायचं? मनातलं ओळखायचं?

एक लिहिते, राग येईल. तुझं स्वतःचं मूल असतं, तर तू असं केलं नसतंस.

लिहून गेले. खोडत नाही.


२१ एप्रिल

वन्सं,

समितीची माणसं येऊन गेली. दोन पुरुष आणि एक बाई. तुमच्या दादांनी चहा केला. त्यात साखरच नव्हती, तिघांनी मुकाट्याने प्याला.

मी सगळं सांगितलं. नर्स काय म्हणाली ते, ढब्बू काय म्हणाला ते. मी 'बरी आहे' म्हणाले तेही सांगितलं, चादर ओढली तेही. तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्यात माझाही वाटा आहे आणि तो मी लपवला नाही. त्यातली बाई म्हणाली, पेशंट बरी आहे म्हणतेच, म्हणून तर तपासायचं असतं. ते मलाही कळत होतं.

आमच्या खिडकीवर एक रीत आहे. पाइप फुटला तर कुणाला दोष देत नाहीत, पाइप फुटतातच. विचारतात ते एवढंच, की तक्रार आल्यावर माणूस बघायला गेला का? ढब्बूच्या हातून आतड्याला टोक लागलं याचा मला राग नाही, खरंच नाही. पण शेजारच्या बाईला मिळाला तो हात मला मिळाला नाही, कारण मी त्याची होते. याचं काय करू, सांगा.

'नर्सला दुसरीकडे काम मिळेल' असं तुम्ही लिहिलंत. मिळेलही. पण उद्या कुणाचं पोट कडक लागलं तर ती तोंड उघडेल का?

आणि माझं मूल असतं तर, असंही लिहिलंत. मला तर वाटत होतं, एक होतं. सातवीपासून कॉलेज संपेपर्यंत माझ्याच घरात होतं. मोजे कुठे टाकायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं, सगळं अजून पाठ आहे. माझं नव्हतं, हे मला तुमच्या पत्रातून कळलं.

दमले. पुढे लिहवत नाही.

वहिनी


२६ एप्रिल

वहिनी,

तुझा जबाब समितीपुढे वाचून दाखवला. तू जिंकलीस.

यापुढे मला पत्र पाठवू नकोस. दादाशी मी फोनवर बोलत जाईन.


१२ जुलै

वन्सं,

पाठवू नकोस म्हणालात, तरी पाठवते आहे. फाडून टाकलंत तरी चालेल, पण आधी वाचा.

आतडं जोडायची तारीख मिळाली, ऑगस्टच्या अखेरीस. त्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईच करणार आहेत. पिशवी जाईल. तुमच्या दादांना चुकल्याचुकल्यासारखं होईल, आता फार सफाईने करतात. परवा तर शेजाऱ्यांपुढे शेखी मिरवत होते, मलाच लाज वाटली.

मला भीती वाटतेय. ह्यांना सांगत नाही, ते माझ्याहून घाबरतात. परत ते हिरवं कापड, परत तो वास. मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणतात, काही होत नाही गं. म्हणून तुम्हाला लिहिलं. मी नवी नवरी होते तेव्हा आपण दोघी मागच्या पायरीवर बसून एकमेकींना सगळं सांगायचो. ती सवय जात नाही, माझा इलाज नाही.

चष्मेवाली एकदा येऊन गेली. कामावर आहे. तिने ढब्बूबद्दल वाईट शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही.

वहिनी


५ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र फाडलं नाही. स्वयंपाकघरात डब्यामागे ठेवलं होतं. रोज काढून वाचत होते आणि रोज तुझ्यावर चिडत होते.

आज लिहिते, कारण आज सकाळी एक झालं.

आधी इकडचं सांगते. वर्षभर त्याने ऑपरेशन करायचं नाही, असं समितीने ठरवलं. नुसतं वॉर्डात फिरायचं, तेही एका वयस्कर डॉक्टरांच्या हाताखाली. हे दादाने सांगितलं असेलच. दादाला माहीत नाही ते आता सांगते. मी तुला ती पत्रं लिहिली, ती ढब्बूच्या सांगण्यावरून नाही. त्याला पत्ताच नव्हता. समितीपुढे तो आधी गप्प होता. गप्प राहिला हे खरं, मी झाकत नाही. पण तुझा जबाब वाचला तेव्हा उभा राहिला आणि म्हणाला, "मामी म्हणते तसंच झालं. नर्सने दोनदा सांगितलं होतं." मोठे डॉक्टर त्याला खाली बस म्हणत होते. घरी आला आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवला. मला इतका राग आला! म्हटलं, इथे माझी राखरांगोळी झाली आणि ह्याला भूक लागते!

आज सकाळी माझ्या पोटात दुखायला लागलं. ओट्याशीच वाकले. तो बघत होता. मी म्हटलं, काही नाही रे, गॅस झालाय, तू जा, उशीर होईल. तर म्हणाला, "आई, आडवी हो." मी म्हटलं, अरे काय हे, सोड. "आडवी हो."

मी पडले. त्याने स्टूल ओढलं. हात चोळून गरम केले. मी पदर ओढायला लागले, वहिनी, शपथ सांगते, माझाही हात आपोआप गेला! त्याने तो बाजूला केला आणि पोट दाबून बघितलं, एका बाजूने, मग दुसऱ्या. किती सावकाश! माझ्या तोंडाकडे बघत होता. मग विचारलं, "दाबताना जास्त दुखतं की सोडताना?"

तेव्हा मला तू आठवलीस. तू लिहिलेलं ते वाक्य. काही नव्हतं माझ्या पोटात, गॅसच होता. पण त्याचा हात तसाच राहिला. उचलेना. बघते तर त्याच्या डोळ्यांतून पाणी. म्हणाला, "एवढंच तर होतं गं आई. एवढंच करायचं होतं."

मी तुझ्या बाबतीत जे लिहिलं ते त्या दिवशी खोडलं नाही. आज खोडते. तुझं होतं, वहिनी. आजही तुझं आहे, आणि म्हणूनच तुझ्या दारात यायला त्याचे पाय उचलत नाहीत. परक्या पेशंटची माफी मागून आला असता कधीच.

मी येते आहे. ऑपरेशनच्या आधी चार दिवस येईन आणि तू बरी होईपर्यंत हलणार नाही. पिशवी बदलायची असेल तोवर मी बदलेन. दादाची शेखी पुरे झाली. ढब्बू सोबत येतो म्हणतो. आत येणार नाही, खालीच थांबेन म्हणतो. त्याला काय सांगू?

तुझी नणंद


९ ऑगस्ट

वन्सं,

खाली कशाला थांबतोय? खाली डासांनी फोडून काढतील.

वर आणा त्याला. कॉटच्या पायाशी उभं राहू देऊ नका, स्टूल मी आत्तापासूनच उशाशी ठेवायला सांगितलंय. आणि एक गोष्ट गाडीतच त्याच्या कानावर घाला. मामीला 'कशी आहेस' असं विचारायचं नाही. विचारलं तर मी 'बरी आहे' म्हणेन, ही खोड या जन्मी जायची नाही. हात लावून बघ म्हणावं.

या लवकर.

तुमची वहिनी